तीन वेळा खळबळून

३ मार्च

ताई,

पाकीट उलटंपालटं करून तू आधी पत्ता शोधशील, म्हणून सांगते, मागे पत्ता लिहिलेला नाही. विसरले नाही, लिहिला नाही. फोन का केला नाहीस म्हणशील, तर फोनवर माझी जीभ माझ्या आधी पळते हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. कागदावर निदान हात दुखतो, तेवढीच विचाराला सवड.

मी बरी आहे. आधी अकरा दिवस एका रोपवाटिकेत होते, तिथे कुंड्या उचलून पाठ धरली. आता धुलाईच्या कारखान्यात लागले आहे. कारखाना म्हणजे काय, पत्र्याची लांबडी शेड, कपडे धुवायची तीन अजस्र यंत्रं, चादरी वाळवून दाबणारा वाफेचा रूळ आणि आम्ही नऊ जणी. हॉटेलांच्या आणि दोन दवाखान्यांच्या चादरी येतात. त्यांतून काय काय निघतं म्हणून सांगू! परवा एक कवळी निघाली. वरची. आमच्यातल्या एकीने ती खिडकीत मांडून ठेवली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत सुटली, "तुमची का हो? लावून बघा की." दोन दिवस आम्ही हसून लोळत होतो. तिसऱ्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ खरंच आले, तोंडावर रुमाल धरून. मग कुणाला हसू आलं नाही.

बघ, कुठे होते आणि कुठे पोचले. तू म्हणायचीस ना, "भिंगरे, तुला साबण आणायला पाठवलं तर तू गावभर दुकानांच्या पाट्या वाचून येशील, साबण सोडून."

बाबांचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठड्याला धरतात का, की अजून ऐट चालूच आहे?

ढापण्याचा मेसेज आला होता. तुझ्या त्या जाड चष्म्याच्या विद्यार्थ्याला हे नाव मी ठेवलं म्हणून तू माझ्यावर डोळे वटारलेस, आणि महिन्याभरात भर मीटिंगमध्ये तूच त्याला ढापण्या म्हणालीस, आठवतं? तो लिहितो, जानेवारीपासून तुझ्या प्रयोगशाळेत सोन्याच्या पाण्याचं ते जेल घट्ट धरतच नाही. दुसऱ्या एका प्रयोगशाळेने तुझा लेख वाचून जसंच्या तसं करून पाहिलं, त्यांच्याकडेही नुसता काळा गाळ. त्यांनी तुमच्या प्रयोगशाळेच्या मोठ्या सरांना पत्र धाडलं आणि सरांनी तिघांची समिती नेमली. वीस एप्रिलला तुला त्यांच्यासमोर बसायचंय. "मॅडमनी आकडे रचले असं उघड कुणी म्हणत नाही," असं त्याने लिहिलंय. उघड म्हणत नाही म्हणजे काय, ते मलाही कळतं.

पण तू घाबरू नकोस. एखादं रीडिंग इकडचं तिकडे झालं असेल. मला त्यातलं काय कळतं म्हणा.

मी न सांगता निघून आले त्याचा राग असेलच. माझ्या पायाला भिंगरी आहे, नाव तूच ठेवलंस. एका जागी दीड वर्ष काढलं तेच डोक्यावरून पाणी. एवढंच कारण. बाकी काही नाही.

तुझी,
भिंगरी

१७ मार्च

ताई,

आज रूळ बिघडलाय. दुरुस्तीवाला येईपर्यंत सगळ्या जणी चादरींच्या ढिगावर आडव्या झाल्यात. मी कागद घेतला.

मला तो पहिला दिवस आठवतोय. आई गेल्यावर चार महिने मी बाबांच्या घरात भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचे. तू एका सकाळी पांघरूण ओढून काढलंस आणि मला चपला घालायला लावून तुझ्या प्रयोगशाळेत नेलंस. मोठे सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "हिचं शिक्षण?" तू म्हणालीस, "हिला काच धुता येते. आपल्याकडच्या दोन डॉक्टरेटवाल्यांना येत नाही." सरांना हसावं की रागवावं ते कळेना.

मग तू मला लाल पाण्याची बाटली दाखवलीस. "हे सोनं."

"मग गळ्यात का घालत नाहीस?"

"अगं, इतकं बारीक केलंय की ते पिवळं दिसायचंच विसरलंय."

आणि स्टूल ओढून मला समजावत बसलीस, मी लहान असताना बेरीज शिकवायचीस तशी. सोन्याचा एकेक कण डोळ्याला दिसणार नाही एवढासा. त्याच्या अंगभर केस लावलेले आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिमटा. दोन कणांचे दोन चिमटे मिळून मधे धातूचा एकच अणू पकडतात. मग तिसरा कण, चौथा, अशी साखळी, साखळ्यांचं जाळं, आणि जाळ्यात पाणी अडकून त्याचा थलथलीत गोळा. जेल. प्लॅस्टिकच्या साखळ्यांची कडी डागून पक्की केलेली असते, ती सुटत नाही. तुला सुटणारी हवी होती. गरम केलं की चिमटे सैल, थंड केलं की पुन्हा घट्ट. पुढेमागे अंगात ताप चढला की आपणहून औषध सोडणारी पट्टी करायची, असं तुझ्या मनात होतं. आईचा ताप तेव्हा आपण दोघी पाळीपाळीने मोजायचो, म्हणून मी त्यावर विनोद केला नाही.

"म्हणजे आपल्या दोघींसारखं," मी म्हटलं. "धरायचं, सोडायचं."

"तुला सोडायला सांगावं लागत नाही," तू म्हणालीस. लागलं मला ते. पण खरं होतं.

आणि भिंतीवर तुझ्या अक्षरातला तो कागद. आम्लात रात्रभर. मग साबण. मग नळाचं पाणी. शेवटी डिस्टिल्ड पाण्याने तीन वेळा खळबळून, ओव्हनमध्ये कोरडं. खाली रजिस्टर, प्रत्येक बाटलीपुढे तीन खुणांचे तीन रकाने. "बाहेरचा धातू कणभरही आत जाता कामा नये," तू बजावलं होतंस. "चिमटे हावरे असतात. समोर येईल ते पकडतात."

बारा ऑगस्टची ती सकाळ. दोन वर्षं तू जस्ताचे थेंब टाकत होतीस आणि दोन वर्षं खाली काळा गाळ बसत होता. त्या दिवशी तू टाकलेस, फोनवर बाबांशी बोलायला गेलीस, परत आलीस आणि सवयीने बाटली तिरकी केलीस. मग आणखी तिरकी. मग पार उलटी. आत जांभळं काहीतरी, तसंच चिकटून. तू बाटली उलटी धरून नुसती उभी.

मी ओरडले, "अगं सांडेल!"

तू म्हणालीस, "तेच तर. सांडत नाहीये."

ऊन पाण्यात धरलीस तर वितळून लालभडक, बर्फात ठेवलीस तर पुन्हा जांभळी आणि घट्ट. अकरा वेळा केलंस. ढापण्या मोजत होता, त्याचा आवाज चढत चाललेला. अकराव्या वेळेनंतर तू स्टुलावर बसलीस आणि ॲप्रनमध्ये तोंड घालून रडलीस. आई गेल्यानंतर तुला रडताना मी तेवढंच पाहिलं.

फेब्रुवारीत तू फोन केलास. त्याआधी सात वेळा मी उचलला नव्हता, तो आठवा. तू रागावली नाहीस. फक्त विचारलंस, "खरं सांग. तीन वेळा डिस्टिल्डनेच खळबळायचीस ना?" मी म्हटलं, "तुझ्या गळ्याची शपथ, ताई." तू म्हणालीस, "बरं." ते 'बरं' माझ्या कानातून जात नाही. इतकं निश्चिंत 'बरं'.

तर एक बारीकशी गोष्ट. डिस्टिल्डचं ते यंत्र एक कॅन भरायला पाऊण दिवस घ्यायचं, आणि तू, ढापण्या, शेजारच्या खोलीतले, सगळ्यांचा डोळा त्याच कॅनवर. कधी कॅन रिकामा असला, तर एखाददुसऱ्या वेळी शेवटचं खळबळणं मी साध्या पाण्याने उरकलं असेल. एखाददुसऱ्या वेळीच.

दुरुस्तीवाला आला. ठेवते.

भिंगरी

३ एप्रिल

ताई,

इथे यंत्रं चालवणारे एक काका आहेत. बोलतात कमी. कानात कापूस, कारण यंत्रांचा आवाज, पण आमचं मत असं की बायकांच्या बडबडीपासून बचाव. परवा दोन दिवस कारखाना बंद होता. सोमवारी काकांनी यंत्र सुरू केलं आणि दवाखान्याच्या चाळीस चादरी पिवळ्या डागांच्या निघाल्या. काकांनी एक चादर नाकाशी नेली, मग जिभेचं टोक लावलं. आम्ही "शी" करून ओरडलो.

"लोखंड," ते म्हणाले. "पाणी दोन दिवस पाइपात बसलं होतं. पहिलं पाणी सोडून द्यायला हवं होतं. मी विसरलो."

मालकीणबाई म्हणाल्या, सांगून टाकू की डाग आधीपासूनच होते, दवाखान्याच्या चादरी, डागांची काय नवलाई. काकांनी दोन चादरी घडी करून खांद्यावर टाकल्या आणि चालत दवाखान्यात गेले. तासाभराने आले.

मी विचारलं, "काय म्हणाले?"

"बोलले भरपूर. मग चहा दिला."

"डाग आधीचे आहेत म्हणाला असता तर नसतं का भागलं?"

"भागलं असतं," काका म्हणाले. "पण मग चहा कसा गेला असता घशाखाली?"

नंतर त्यांनी एक पांढरी पूड पाण्यात कालवली आणि चादरी बुडवल्या. डाग आमच्या डोळ्यांदेखत फिके पडत गेले. म्हणाले, ही पूड लोखंडाला पकडते आणि पाण्याबरोबर घेऊन जाते. मी हात घातला नाही, ते ओरडले असते, पण वाकून बघत राहिले. पकडते, म्हणाले. तुझे चिमटे.

एखाददुसऱ्या वेळी नाही, ताई. रोज. गेल्या वर्षी जुलैअखेरपर्यंत इमानेइतबारे डिस्टिल्ड वापरलं. मग कंटाळले. कॅनची वाट बघत बसायचं, वर शेजारच्या खोलीतली ती बाई "एवढं पाणी पिता की काय" म्हणून टोमणे मारायची. जिन्याखालच्या मोरीत तो जुना लोखंडी नळ होता, पाऊल टाकलं की हाताशी. सकाळी सगळ्या बाटल्या तिथेच खळबळायचे. तीन वेळा मात्र नक्की, ते चुकवलं नाही. आणि रजिस्टरमधल्या खुणा संध्याकाळी एका बैठकीत, खालपासून वरपर्यंत, भराभरा. तू रोज खाली सही करायचीस.

इथे चादरी बघताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते तुझं जस्त नव्हतंच. किंवा नुसतं जस्त नव्हतं. बारा ऑगस्टला आणि पुढे प्रत्येक वेळी चिमट्यांनी जे पकडलं ते त्या सडक्या पाइपातलं लोखंड होतं, बाटलीच्या आतल्या अंगाला वाळून बसलेलं. मी गेल्यावर नव्या पोरीने कागदावर लिहिलंय तसं धुतलं. दुसऱ्या प्रयोगशाळेनेही धुतलं असणार. म्हणून गाळ.

तू आकडे रचले नाहीस. तुझ्या डोळ्यांनी पाहिलं ते खरंच झालं होतं. आणि वेळेवर सांगितलं असतं तर तू दोन दिवसांत छडा लावला असतास आणि लेखात जस्ताच्या शेजारी लोखंड लिहून मोकळी झाली असतीस. माझ्या आळसातून निघालेलं का असेना, ते तुझं झालं असतं.

शपथ घेतली तेव्हा मला वाटलं होतं, पाण्याने असा काय फरक पडतो, उगाच ओरडा कशाला खा. खोटं बोलले, पण त्याने एवढं होईल याची कल्पना नव्हती. एवढं तरी मान.

भिंगरी

१३ एप्रिल

ताई,

आधीची तिन्ही पत्रं अजून माझ्या उशीखाली आहेत. तिकिटं लावलेली, पाकिटं डकवलेली. टपालपेटी माझ्या खोलीपासून चाळीस पावलांवर आहे, सायकल दुरुस्तीच्या दुकानापुढे. तीनदा जाऊन उभी राहिले. तिसऱ्यांदा दुकानवाला म्हणाला, "पेटी चावत नाही, ताई." अनोळखी माणसाने मला ताई म्हटलं आणि मी तशीच परत फिरले.

आता टाकून वेळेत पोचतील की नाही कोण जाणे. म्हणून ठरवलंय, मीच येते. एकोणीसची सकाळची बस. वीसला तुझ्याबरोबर आत येईन आणि समितीला सगळं तोंडाने सांगेन. मालकीणबाईंनी रजा दिली. "बहिणीकडे? मग जा बाई," म्हणाल्या, मी काही सांगितलेलं नसताना. काकांनी निघताना लागेल म्हणून पाण्याची बाटली भरून दिली.

पत्रं हातानेच देईन. वाचताना मी समोर बसेन. कुठे जाणार नाही.

भिंगरी

२५ एप्रिल

ताई,

मी बसमध्ये बसले होते. खिडकीची जागा मिळाली होती. मधल्या थांब्यावर दहा मिनिटं गाडी थांबते, तिथे उतरले. चहाच्या टपरीमागे एक माणूस आरशांच्या चौकटी बसवत होता. सात-आठ आरसे भिंतीला टेकून ठेवलेले, प्रत्येकात आकाशाचा वेगळा तुकडा. मी बघत उभी राहिले. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला. मी ऐकला. हात वर केला असता तरी तो थांबला असता.

आरशांचं निमित्त. त्यानंतर दुसरी बस होती, संध्याकाळी तिसरी होती. वीसला सकाळीही एक होती. त्या थांब्याच्या बाकावर मी सगळ्या बसेस जाऊ दिल्या आणि मग उलट्या दिशेच्या बसने इथे परत आले.

काकांनी विचारलं, "भेटली बहीण?" मी मान हलवली. कशीही समजा अशी हलवली. त्यांना बरोबर समजली.

काल ढापण्याचा मेसेज आला. वीस मिनिटांत आटोपलं म्हणे. तू म्हणालीस, मला जे दिसलं ते मी लिहिलं, आता ते पुन्हा दाखवता येत नाही, का ते मला सापडत नाही, म्हणून मी लेख मागे घेते. मोठ्या सरांनी विचारलं, "काच कोण धुवायचं?" समितीतल्या एकाने त्यावर म्हटलं, "ती तुमची बहीण ना, अर्ध्यात सोडून गेलेली?" आणि तू म्हणालीस, "तिला सगळं विसरायला होतं. पण शपथ घेऊन ती माझ्याशी खोटं बोलणार नाही. ती शक्यता मी तपासलेली आहे." ढापण्याने हे शब्द जसेच्या तसे लिहिलेत. तो तेव्हा दाराशी फायली घेऊन उभा होता.

संध्याकाळी तू राजीनामा दिलास. कुणी मागितला नव्हता, असं तो म्हणतो. न मागता मिळेल अशी व्यवस्था मात्र सगळ्यांनी केली होती. तू कपाट रिकामं केलंस आणि जिन्यावरून खाली येताना पेटीचं एक टोक ढापण्याने धरलं, तर त्याला म्हणालीस, "तुझा विषय बदलून घे बाळा, माझं नाव नको लावून घेऊस." तो पोरगा रडला असणार. लिहिलं नाहीये त्याने.

आता सगळी पत्रं एकदम टाकते आहे. या पत्राच्या वर पत्ता आहे. समितीला वेगळा कागद पाठवला. काय धुतलं, कुठे धुतलं, कधीपासून, खुणा खोट्या, ताईला यातलं काही माहीत नव्हतं. काकांना वाचायला दिला. ते सावकाश दोनदा वाचून म्हणाले, "तारीख घाल. आणि सहीखाली नाव स्वच्छ लिही, लोकांना वाचता यावं."

मग त्यांनी स्वतःच्या चहाचा कप भरून आणला, मला मात्र दिला नाही. की मलाच तसं वाटलं.

भिंगरी

२० मे

ताई,

तुझा कागद मिळाला. वहीतला अर्धा फाडलेला. वर माझं नाव नाही, खाली तुझं नाही, नुसते प्रश्न. समितीचंही पत्र आलं, दोन ओळींचं. निवेदनाची नोंद घेतली आहे, संबंधितांनी राजीनामा दिलेला असल्याने पुढील कार्यवाहीचा प्रश्न येत नाही.

जिन्याखालचे पाइप सुट्टीत उपटून प्लॅस्टिकचे घातले, हे ढापण्याने मलाही कळवलं. त्या पाण्याचं आता मोजून बघायला काही उरलेलं नाही, हे समजून उत्तरं लिहिते आहे. आठवत नाही तिथे आठवत नाही असं लिहीन. भर घालणार नाही.

नळ कोणता. जिन्याखालच्या मोरीत दोन होते, त्यातला डावा, बुटका. उजव्याची चावी फिरत नसे.

पाणी किती वेळ सोडून मग धुवायचीस. सोडायचेच नाही. सकाळी त्या इमारतीत पहिली मी यायचे, त्यामुळे पाइपात रात्रभर बसलेलं पहिलंच पाणी. रंग फिकट पिवळट, कपात घेतलेल्या अगदी पातळ चहासारखा. सोमवारी जास्त गडद, कारण रविवार मधे गेलेला. बारा ऑगस्टला वार कोणता होता ते मी दिनदर्शिकेत पाहिलं. सोमवार होता.

किती वेळा आणि किती पाणी. तीन वेळा. बाटली अर्धी भरून, अंगठा लावून, पाच-सहा हिसके. शेवटचं पाणी पूर्ण निथळायचे नाही, उलटी करून एकच झटका. तळाशी थेंब राहायचे.

ओव्हन. एकशे दहावर लावलेला असायचा, तू लावायचीस, मी कधी हलवला नाही. बाटल्या उभ्या ठेवायचे, तोंड वर. तू पालथ्या ठेवायला सांगितल्या होत्यास. पालथ्या केल्या की जाळीवरून घरंगळायच्या म्हणून मी उभ्या ठेवायला लागले. वाळल्यावर तळाला कधीकधी धुरकट कडं दिसायचं. मी ते ॲप्रनच्या टोकाने पुसायचे, हात पोचला तर. लहान बाटल्यांत पोचत नसे. जेल तू लहान बाटल्यांतच करायचीस.

पाचवा प्रश्न. पंधरा जानेवारीला रजिस्टरमध्ये माझ्या अक्षरात तीन लहान बाटल्या आहेत, पुढे प्रयोगाचा नंबर नाही. त्या कशासाठी.

चौदाला मोठे सर पाहुणे घेऊन येणार होते. सगळं कसं नियमाप्रमाणे दिसायला हवं म्हणून तेराला मी दिवसभर कॅनची वाट बघितली आणि साडेपाच महिन्यांत पहिल्यांदा डिस्टिल्डने धुतलं. चौदाला पाहुण्यांसमोर तुझं जेल धरलं नाही. तू हसून म्हणालीस, "आज लाजलंय." ते गेल्यावर जस्ताची बाटली जुनी झाली म्हणून नवी फोडलीस. तेव्हा मला आदल्या दिवशीचं धुणं आठवलं.

पंधराला तू जेवायला गेलीस तेव्हा मी तीन बाटल्या घेतल्या. एक पहिल्या पाण्याने, एक पाणी पाच मिनिटं सोडून, एक डिस्टिल्डने. कोरड्या केल्या. तुझ्या साठ्यातलं लाल पाणी घातलं, तू मोजतेस तसे जस्ताचे थेंब मोजले, वीस मिनिटं थांबले. पहिली उलटी केली, पडलं नाही. दुसरी जांभळी झाली पण ओघळली. तिसरीत गाळ. मग तिन्ही धुतल्या आणि हाताला सवय म्हणून रजिस्टरमध्ये लिहिल्या. खुणा त्या दिवशी खऱ्या आहेत.

तू परत आलीस तेव्हा तुझ्या हातात लेखाची छापील प्रत होती. बाबांना दाखवायला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालत होतीस, कोपरे दुमडू नयेत म्हणून मधे पुठ्ठा. मला म्हणालीस, "यात शेवटी आभारात तुझं नाव आहे, बघितलंस?" मी म्हटलं, नंतर बघते.

सतराला मी निघाले.

शपथ घेतली तेव्हा मला सगळं माहीत होतं. चादरी बघून प्रकाश पडला हे खोटं लिहिलं. चादरींवरून मला फक्त त्याचं नाव लोखंड एवढंच कळलं.

सहावा प्रश्न तू लिहून खोडला आहेस. खूप दाबून, कागद दुसऱ्या बाजूला उमटलाय. उजेडाला धरला, तरी वाचता येत नाही. तो पुन्हा लिहिलास तर त्याचंही खरं उत्तर देईन.

भिंगरी